बांध सोडून शेतातून: नरेंद्र करमरकर आणि वाटपाचं गणित

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव. या पट्ट्यात दोन जगं शेजारी-शेजारी नांदतात. एकीकडे नागोठण्याचा पेट्रोरसायन कारखाना आणि धाटावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे भाताची खाचरं आणि पावसाळा सरल्यावर ओलीवर घेतलेला वाल. कारखान्यातला नियोजन अधिकारी आणि खांबचा शेतकरी यांचं एकमेकांशी कामापुरतंही बोलणं होत नसेल, पण दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. हाताशी जे आहे ते मोजकं आहे. ते कशाला किती द्यायचं, म्हणजे पदरात जास्तीत जास्त पडेल?

या प्रश्नाच्या गणिताला विसाव्या शतकात जे सर्वांत मोठं वळण मिळालं, ते एका मराठी इलेक्ट्रिकल इंजिनिअरने दिलं. नरेंद्र करमरकर हे त्यांचं नाव. पवई, पासाडेना, बर्कली, न्यू जर्सीतलं मरे हिल आणि मग कुलाबा असा त्यांच्या विद्याजीवनाचा प्रवास आहे. त्यांचा शोध जगभर वर्तमानपत्रांत गाजला, पेटंटमध्ये बांधला गेला, ऐंशी लाख डॉलरहून महाग यंत्रात बसवून विकलाही गेला. पण तो टिकला आणि फळला तो या कशाने नव्हे. एका नियतकालिकातल्या तेवीस पानांवर तो सगळ्यांसाठी खुला छापला गेला होता, म्हणून तो वाढला.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. समजा, खांबच्या एका शेतकऱ्याकडे पाटाच्या पाण्याखालची ६० गुंठे जमीन आहे आणि हंगामात मजुरीचे ९० दिवस मिळण्यासारखे आहेत. कलिंगडाला गुंठ्यामागे २ दिवस मजुरी लागते आणि ३०० रुपये सुटतात. वालाला १ दिवस लागतो आणि २०० रुपये सुटतात. सगळं कलिंगड लावलं तर ४५ गुंठ्यांतच मजूर संपतात, १३,५०० रुपये होतात आणि १५ गुंठे पडीक राहतात. सगळा वाल लावला तर जमीन पुरी वापरली जाते, पण १२,००० रुपयेच मिळतात. निम्मं-निम्मं, म्हणजे ३० गुंठे कलिंगड आणि ३० गुंठे वाल लावला, तर जमीनही पुरते, मजूरही पुरतात आणि १५,००० रुपये हाती येतात. यापेक्षा जास्त कोणत्याही वाटणीने मिळत नाही.

हे गणित कागदावर काढलं तर चार कोपऱ्यांची एक आकृती तयार होते. शक्य असलेल्या सगळ्या वाटण्या त्या आकृतीच्या आत असतात आणि सर्वांत चांगली वाटणी कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडते. दोन पिकं असली तर कोपरे बोटांवर मोजता येतात. पिकं वीस झाली, खत, पाणी, बाजाराचे दिवस अशा तीस मर्यादा आल्या, की आकृती कागदावर मावत नाही आणि कोपरे मोजण्यापलीकडे जातात. कारखान्यांत, विमान कंपन्यांत, टेलिफोनच्या जाळ्यांत चल राशी हजारोंनी असतात. अशा गणितांना लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात.

या विद्येचा पाया दोन ठिकाणी वेगवेगळा घातला गेला. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांटोरोविच यांनी प्लायवूडच्या कारखान्यातल्या कामवाटपाच्या निमित्ताने हा विचार मांडला. अमेरिकेत १९४७ साली जॉर्ज डँटझिग यांनी हवाई दलाच्या नियोजनासाठी सिम्प्लेक्स पद्धत शोधली. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, शेजारचा जास्त लाभाचा कोपरा निवडायचा, तिथे जायचं आणि पुढे लाभ वाढत नाही असा कोपरा येईपर्यंत हेच करत राहायचं. बांधाबांधाने चालत शेताला वळसा घालावा तशी ही चाल. त्याच वर्षी तिची पहिली मोठी परीक्षा झाली: कमीत कमी खर्चात माणसाचं पोषण कसं होईल हा जॉर्ज स्टिग्लर यांचा आहाराचा प्रश्न. त्यात ७७ खाद्यपदार्थ आणि पोषणाच्या ९ अटी होत्या. टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर ते सोडवायला सुमारे १२० मनुष्यदिवस लागले.

या कथेत हंगेरीची माणसं वारंवार भेटतात. ३ ऑक्टोबर १९४७ रोजी डँटझिग प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांना भेटायला गेले. फॉन नॉयमन मूळ बुडापेस्टचे, झुरिकमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकलेले आणि पुढे आधुनिक संगणकाच्या रचनेला ज्यांचं नाव मिळालं असे. डँटझिगनी प्रश्न मांडला आणि फॉन नॉयमन यांनी त्याची दुसरी बाजू तिथल्या तिथे उलगडून दाखवली. प्रत्येक वाटपाच्या गणिताला किमतींचं एक जोडगणित असतं, हा तो विचार. १९५३ साली हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाच्या हाती देनेश केनिग यांचं पुस्तक आणि त्यातून येने एगेरवारी यांच्या १९३१ च्या हंगेरियन लेखाचा संदर्भ आला. कून व्याकरण आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसले आणि त्यांनी तो लेख स्वतः भाषांतरित केला. कोणत्या माणसाला कोणतं काम द्यायचं, हे ठरवणारी जी रीत त्यांनी १९५५ मध्ये छापली, तिला त्यांनी आपलं नाव दिलं नाही, ‘हंगेरियन पद्धत’ म्हटलं. आज कामवाटपाच्या गणिताची पाठ्यपुस्तकं याच नावाने ती शिकवतात.

रोह्याशीही या विद्येचं एक नातं आहे. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण १९४५ ते १९६४ अशी जवळपास दोन दशकं ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते. पुढे अर्थशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे मानकरी ठरलेले नॉर्वेचे राग्नार फ्रिश १९५४-५५ मध्ये याच संस्थेत येऊन राहिले आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी वाटपाचं गणित कसं मांडता येईल, यावर त्यांनी काम केलं. १९५५-५६ मध्ये ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम हा देशातला पहिला डिजिटल संगणक याच संस्थेत बसला. देशाचा पैसा, पोलाद आणि सिमेंट कशाला किती द्यायचं हा प्रश्न, आणि तो सोडवणारं यंत्र, दोन्ही तेव्हा एकाच आवारात होती.

सिम्प्लेक्स पद्धत व्यवहारात उत्तम चाले, पण ती नेहमीच वेळेत पोहोचेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी मुद्दाम एक अवघड आकृती रचून दाखवली. तिच्यात ही पद्धत एकही कोपरा न सोडता सगळ्या कोपऱ्यांना भेट देत जाते. ६० चल राशी असतील तर कोपरे होतात २ चा ६० वा घात. सेकंदाला एक कोटी कोपरे तपासणारं यंत्र लावलं, तरी साडेतीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. मग १९७९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लिओनिद खाचियान यांनी लंबगोलांची पद्धत वापरून सिद्ध केलं की असा स्फोट न होता हे गणित नक्की सोडवता येतं. बातमी मोठी होती, पण प्रत्यक्ष संगणकावर ही पद्धत सिम्प्लेक्ससमोर फारच हळू पडे. एका पद्धतीला वेग होता पण हमी नव्हती, आणि दुसरीला हमी होती पण वेग नव्हता. करमरकरांनी कामाला हात घातला तेव्हा ही कोंडी होती.

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला. आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये बी. टेक. झाले. पवईची ही संस्था १९५८ साली सोव्हिएत संघाच्या मदतीने उभी राहिली आणि तिथले सुरुवातीचे संगणकही सोव्हिएत गोटातून आले. संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी तिथे अजून सुरू झाली नव्हती. यंत्राच्या आतल्या तर्काची ओढ असलेला मुलगा त्या काळी इलेक्ट्रिकललाच जाई. मंडल, संकेत आणि नियंत्रण शिकताना तो रेषीय बीजगणितात पक्का होई. करमरकरांचं पुढचं काम पाहिलं की हा पाया किती उपयोगी पडला ते कळतं, कारण त्यांच्या पद्धतीचा जवळपास सगळा वेळ मोठमोठ्या समीकरणसंचांची उकल काढण्यात जातो.

१९७९ मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एम. एस. केलं आणि डॉक्टरेटसाठी ते बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे गेले. कोणती गणितं संगणकालाही जड जातात, याची १९७२ साली प्रसिद्ध यादी करणारे ते हे कार्प. गुरुशिष्यांनी १९८२ मध्ये मिळून ‘बिन पॅकिंग’ या जुन्या कूटप्रश्नावर निबंध वाचला. वेगवेगळ्या मापांच्या वस्तू एकाच मापाच्या कमीत कमी पेट्यांत कशा बसवायच्या, असा तो प्रश्न. अचूक उत्तर शोधणं आवाक्याबाहेरचं, पण अचूक उत्तराच्या अगदी जवळ नेणारी रीत त्यांनी दिली आणि त्यासाठी खाचियान यांच्या लंबगोलांचाच आधार घेतला. म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग आधी त्यांच्या हाती हत्यार म्हणून आलं. हत्याराची धार कमी पडते, हे वापरणाऱ्यालाच सर्वांत आधी जाणवतं.

१९८३ मध्ये डॉक्टरेट घेऊन करमरकर मरे हिलच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल-मे १९८४ मध्ये, वॉशिंग्टनला संगणकाच्या सैद्धांतिक शाखेची वार्षिक परिषद भरली आणि तिथे त्यांनी आपली नवी पद्धत मांडली. वर्षअखेरीस तिचा पूर्ण निबंध ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात आला. हे नियतकालिक बुडापेस्टच्या यानोश बोयाई गणित मंडळाचं. न्यू जर्सीत बसून मराठी इंजिनिअरने केलेलं काम अशा रीतीने हंगेरीतून जगाच्या हाती पडलं.

पद्धतीचा गाभा असा आहे. बांधाने फिरायचंच नाही, शेताच्या आतून जायचं. आकृतीच्या आत कुठेतरी उभं राहायचं. मग सगळी आकृती अशी ताणायची-दाबायची की आपण उभे आहोत तो बिंदू मध्यावर यावा. मध्यावर असलं की सगळे बांध सारखे लांब असतात, त्यामुळे लाभाच्या दिशेने मोठं पाऊल टाकता येतं. पाऊल टाकलं की आकृती मूळ रूपात आणायची, नव्या जागेवरून पुन्हा ताणायची आणि पुन्हा पाऊल टाकायचं. प्रगती मोजण्यासाठी करमरकरांनी ‘पोटेन्शिअल’ नावाची एक राशी तयार केली. उत्तर किती लांब आहे आणि बांध किती जवळ आला आहे, या दोन्हींचा हिशेब तिच्यात एकत्र होतो. प्रत्येक पावलागणिक ही राशी ठरावीक मापाने नक्की खाली येते, हे त्यांनी सिद्ध केलं. हमी मिळाली ती इथून. चल राशींची संख्या दुप्पट केली तर खाचियान यांच्या पद्धतीत श्रमाची वरची मर्यादा ६४ पटींनी वाढते. करमरकरांच्या पद्धतीत ती सुमारे ११ पटींनीच वाढते.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. करमरकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. विमान कंपन्या, तेलशुद्धीकरण कारखाने, टेलिफोन कंपन्या, सगळ्यांचे डोळे तिकडे लागले. सिम्प्लेक्सपेक्षा कितीतरी पट वेगाचे दावे झाले.

तज्ज्ञांना हे दावे तपासायचे होते, आणि नेमकी तिथे अडचण आली. सिद्धान्त छापलेला होता, पण ज्या आज्ञावलीवर तो वेग मिळाला होता ती बेल प्रयोगशाळेने बाहेर दिली नाही. परिषदांमध्ये वाद पेटले. विज्ञानात दाव्याची फेरतपासणी करता आलीच पाहिजे, ही तक्रार रास्त होती. शेवटी तज्ज्ञांनी छापील निबंध समोर घेऊन स्वतःच आज्ञावल्या लिहिल्या. १९८६ मध्ये फिलिप गिल, वॉल्टर मरे, मायकेल साँडर्स, जॉन टॉमलिन आणि मार्गारेट राइट यांनी दाखवलं की राशी योग्य निवडल्या, तर ही पद्धत १९६० च्या दशकातल्या ‘लॉगॅरिथमिक बॅरिअर’ पद्धतीशी जुळते. बेलमधल्याच रॉबर्ट व्हँडरबेई आणि सहकाऱ्यांनी तिचं एक सोपं रूप शोधलं. मग लक्षात आलं की तेच रूप सोव्हिएत गणितज्ञ डिकिन यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं होतं आणि पाश्चात्त्य जगात ते कुणी वाचलंच नव्हतं.

जुन्या कामाशी नातं निघालं म्हणून करमरकरांचं श्रेय उणं होत नाही. बॅरिअर पद्धत तोवर तज्ज्ञांनी बाजूला टाकलेली होती. वेगाने उत्तर मिळण्याची हमी तिच्यासोबत कुणीच दिली नव्हती आणि डिकिन यांच्या लेखातही ती नव्हती. आतून जाणारी वाट फायद्याची आहे हे करमरकरांनी सिद्ध करून दाखवलं, तेव्हाच शेकडो अभ्यासक त्या वाटेला लागले.

बेलची मालक कंपनी एटी अँड टी दुसऱ्या दिशेने गेली. एप्रिल १९८५ मध्ये तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मे १९८८ रोजी ते मंजूर झालं. गणिताच्या रीतीवर मालकी सांगता येते का, यावर अमेरिकेत आणि जपानमध्ये वाद झाले. टोकियोचे हिरोशी कोन्नो यांनी तर या पेटंटविरुद्ध कायदेशीर लढा दिला. त्याच १९८८ साली कंपनीने अनेक प्रोसेसर एकत्र चालणाऱ्या संगणकावर ही पद्धत बसवून ‘कॉर्बेक्स’ नावाने बाजारात आणली. किंमत ८९ लाख डॉलर. पहिलं गिऱ्हाईक अमेरिकेचं संरक्षण खातं होतं. पण गिऱ्हाइकं फारच थोडी मिळाली आणि काही वर्षांतच कॉर्बेक्स मागे पडलं. पेटंट २००६ मध्ये संपलं, तोवर व्यवहारातली विद्या त्याला वळसा घालून केव्हाच पुढे गेली होती.

ती पुढे कशी गेली, हे पाहण्यासारखं आहे. १९८८ मध्ये जेम्स रेनेगार यांनी लागणाऱ्या पावलांची हमी आणखी खाली आणली. जपानमध्ये कोजिमा, मिझुनो आणि योशिसे यांनी वाटपाचं गणित आणि त्याचं किमतींचं जोडगणित, दोन्ही एकाच वेळी सोडवत जाणारी चाल बसवली. फॉन नॉयमन यांची १९४७ ची अंतर्दृष्टी इथे कामी आली. १९९२ मध्ये संजय मेहरोत्रा यांनी पावलाचा आधी अंदाज घेऊन मग ते सुधारणारी रीत दिली आणि आजच्या आज्ञावल्यांमध्ये मुख्यतः तीच चालते. १९९४ मध्ये नेस्तेरोव्ह आणि नेमिरोव्हस्की यांनी हा सगळा विचार वक्र आकृत्यांपर्यंत नेला. सिम्प्लेक्सवालेही गप्प बसले नाहीत. या स्पर्धेच्या धक्क्याने त्यांनीही आपली पद्धत कितीतरी वेगवान केली. नियोजनाचं सॉफ्टवेअर आज दोन्ही वाटा ठेवतं आणि गणित पाहून त्यांतली एक निवडतं.

मानसन्मान आले ते याच खुल्या कामासाठी. १९८४ चं लँचेस्टर पारितोषिक, १९८८ चं फुलकर्सन पारितोषिक आणि २००० सालचा पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार. फुलकर्सनच्या त्या वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये बुडापेस्टच्या एवा टार्डोशही होत्या. जाळ्यातून कमीत कमी खर्चात माल वाहून नेण्याच्या त्यांच्या गणिताचा निबंधही ‘कॉम्बिनेटोरिका’तच आला होता.

१९९८ मध्ये करमरकर मुंबईला परतले आणि २००५ पर्यंत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. या संस्थेला यंत्र स्वतः बांधण्याची परंपरा आहे. भारतीय बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक इथेच घडला, १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. करमरकरांचं मनही आता यंत्राच्या रचनेकडे वळलेलं होतं. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक पावलाला अवाढव्य समीकरणसंच सोडवावा लागतो. त्यात बहुतेक जागा शून्याच्या असतात, त्यामुळे अनेक प्रोसेसर लावले तरी स्मृतीतून आकडे आणण्याच्या रांगेतच वेळ जातो.

यावर त्यांनी १९९१ मध्येच भूमितीचा तोडगा मांडला होता. सात बिंदू आणि सात रेषांची एक छोटी रचना आहे. तिच्यात प्रत्येक रेषेवर तीन बिंदू असतात, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा जातात आणि कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारी नेमकी एकच रेषा असते. बिंदूंच्या जागी स्मृतीचे कप्पे आणि रेषांच्या जागी प्रोसेसर ठेवा. कोणत्याही दोन कप्प्यांतल्या आकड्यांवर काम करायचं असेल तर ते कोणाचं, हे आपोआप ठरतं आणि कामाची वाटणीही सगळ्यांत सारखी होते. याच जातीच्या मोठ्या रचना घेऊन महासंगणक उभारायचा त्यांचा विचार होता. २००६-०७ मध्ये ते टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि या कामाला समूहाचं पाठबळ मिळालं. पुण्यात समूहाने कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. नोव्हेंबर २००७ मध्ये तिच्या ‘एका’ या यंत्राने जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आणि आशियात पहिला क्रमांक मिळवला. चाचणीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी क्रिया एवढा भरला.

जाळ्यातल्या प्रवाहाचं टार्डोश यांचं गणित आणि करमरकरांची पोटेन्शिअल राशी यांची गाठ २०२२ मध्ये पुन्हा पडली. त्या वर्षी ली चेन, रासमुस क्युंग, यांग लिऊ, रिचर्ड पेंग, मॅक्सिमिलियन प्रोब्स्ट गुटेनबर्ग आणि सुशांत सचदेव या सहा संशोधकांनी एक निकाल दिला. जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह कमीत कमी खर्चात कसा न्यायचा, हे जाळं नुसतं वाचून काढायला जेवढा वेळ लागेल त्याहून फारसा जास्त वेळ न घेता ठरवता येतं, असा तो निकाल. रस्त्यांवरची मालवाहतूक, विजेचं वितरण, इंटरनेटवरची वर्दळ, सगळ्यांच्या मुळाशी हेच गणित आहे. त्यांची पद्धत आतल्या वाटेनेच जाते आणि प्रत्येक पावलाची प्रगती पोटेन्शिअल राशीने मोजते. त्या जातीची राशी लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये आणली ती करमरकरांच्या १९८४ च्या निबंधाने.